पोथ्यांतील षष्टिमान अंकांची परीक्षा

परभणी जिल्ह्यांतील पाथरी हेंच गोदेजवळील जुनें पार्थपूर. येथील ज्ञानराजानें शके १४२५ (इ. स. १५०३) मध्यें ‘सिद्धान्तसुंदर’ रचिला, व त्याचा पुत्र सूर्यपंडित यानें इ. स. १५४१ मध्यें लीलावतीवर ‘गणितामृतकूपिका’ ही टीका लिहिली. अशा ज्योतिषग्रंथांच्या पोथ्या हातीं आल्या म्हणजे संग्राहक श्लोकांचे पाठभेद कसोशीनें टिपतात. अंक मात्र तसेच उतरून घेतात. आम्हींही पुष्कळ वर्षें हेंच केलें. श्लोकाला वृत्त राखतें, अंकाला राखणदार नाहीं, असा आमचा समज होता. तो चुकीचा होता, हें दाखविण्यासाठीं हा लेख.

व्यवहारांत दर स्थान दहापटीचें असतें. ज्योतिषांत दिवस, घटी, पळें, विपळें, प्रतिविपळें हीं स्थानें साठपटीचीं आहेत. म्हणून दिवसांखालील कोणत्याही स्थानीं ६० किंवा अधिक अंक दिसल्यास तो दोषच.

आतां सूर्यसिद्धान्ताचें वर्षमान घेऊं. महायुगाचीं सौरवर्षें ४३,२०,००० व सावन दिवस १,५७,७९,१७,८२८. भागाकार केला असतां ३६५।१५।३१।३१।२४ येतात, आणि बाकी कांहीं उरत नाहीं. हेंच दशमान अपूर्णांकांत मांडल्यास कधींच संपत नाहीं. याचें कारण असें कीं, साठाचा चतुर्घात १,२९,६०,००० हा महायुगवर्षांच्या बरोबर तिप्पट आहे. सबब दिवससंख्या कोणतीही असो, वर्षमान चार स्थानांत संपलेंच पाहिजे, व चौथ्या स्थानच्या अंकास ३ नें निःशेष भाग गेलाच पाहिजे. आर्यभटाच्या १,५७,७९,१७,५०० दिवसांवरून ३६५।१५।३१।१५ येतात, तेथें चौथें स्थान शून्य. जुन्या अक्षरांत ४ व ५ यांचा घोटाळा होतो. परंतु २४ च्या जागीं २५ वाचले, तर तीनाची कसोटी तत्काळ हटकते.

दुसरी कसोटी ५९ ची. दशमानांत ९ चें जें काम, तेंच षष्टिमानांत ५९ चें. कारण ६० ला ५९ नें भागिल्यास १ उरतो. वरील पांच अंकांची बेरीज ४६६. तीस ५९ नें भागून बाकी ५३. सावन दिवसांची तिप्पट ४,७३,३७,५३,४८४. तिचीही बाकी ५३. लेखकाच्या नजरचुकीनें दोहोंपैकीं एक ३१ गळला, तर बेरीज ४३५ व बाकी २२ येऊन चोरी उघडी पडते.

मर्यादाही सांगितली पाहिजे. १५ व ३१ यांची अदलाबदल झाल्यास दोन्ही कसोट्या मौन राहतात. तसेंच तीनाचा नियम महायुगाच्या वर्षसंख्येचा आहे. कल्पाच्या ४,३२,००,००,००० वर्षांवरून काढलेल्या मानास तो आंधळेपणानें लावूं नये. ग्रंथ कोणत्या पक्षाचा, हें आधीं ठरवावें.

शेवटीं एक विनंति. अशुद्ध अंक सांपडला तर तो खोडूं नये; मूळ अंक तसाच ठेवून शुद्ध अंक बाजूस लिहावा. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळली, तर त्या एकाच आदर्श प्रतीवरून उतरल्याचा तो बहुधा पुरावा असतो. चूक मुकाट्यानें सुधारणारा संग्राहक गणित राखतो, पण पोथीची वंशावळ बुडवितो.