सायकल, शर्यत आणि विश्रांती

जितका घाम गाळावा तितका दम वाढतो, अशी माझी पक्की समजूत होती. डिसेंबर २०२४ मध्ये ४० किलोमीटरच्या एका हौशी शर्यतीत उतरायचे ठरवले आणि आधीचे पाच आठवडे एकही दिवस न चुकवता सायकल हाणली. पहाटे बेळगावातून निघायचे, जांबोटी रस्त्याने जाऊन-येऊन ५० किलोमीटर पुरे करायचे आणि धापा टाकीत वर्गात हजर व्हायचे. रविवारी सुट्टी, म्हणून ७०! शर्यतीच्या आदल्या दिवशीसुद्धा 'शेवटचा हात' म्हणून ४० किलोमीटर मारून आलो. "उद्याला काही ठेव की रे," असे आई म्हणाली, ते मी हसण्यावारी नेले.

पहिले २५ किलोमीटर मी पुढच्या सात-आठ जणांत होतो. मग एक चढ आला आणि पाय एकाएकी परके झाले. धाप फारशी नव्हती, पण मांड्यांत त्राणच उरले नव्हते. हातांना कापरे भरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. मागची मुले एकेक करून पुढे गेली. माझा नंबर एकतिसावा.

असे का व्हावे? जोराच्या कामाला आपले स्नायू मुख्यतः ग्लायकोजेन हे जळण वापरतात. भात-भाकरीतून मिळालेली साखरच शरीर या रूपात साठवते. स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास, एवढीच ही शिल्लक. दीड-दोन तास जोरात सायकल मारली की ती तळाला जाते आणि पोटभर जेवूनही पुन्हा भरायला साधारण एक दिवस लागतो. मी रोज काढीत होतो, भरणा मात्र अपुरा. ओव्हरड्राफ्टचा धडा आम्हा कॉमर्सवाल्यांना पाठ असतो. तो स्वतःच्या मांडीत निघेल हे कुणाला ठाऊक!

दुसरी गोष्ट स्नायूंची. कठीण मेहनतीने त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ताकद काही काळ घटते. म्हणजे व्यायामाने माणूस आधी अशक्तच होतो. पुढे झोपेत व आरामात शरीर दुरुस्ती करते आणि ती करताना पूर्वीपेक्षा थोडी जास्त मजबुती देते. ही दुरुस्ती पुरी होण्याआधीच रोज तोच मारा केला, तर पायरी खालीच उतरत जाते. झोप उडते, भूक मरते, विनाकारण चिडचिड होते. सकाळी अंथरुणातच नाडी मोजली तर तीही पुष्कळदा वाढलेली सापडते. माझी एरवी ५४ असे, शर्यतीनंतरच्या आठवड्यात ६५ भरली.

आमच्या वसतिगृहात विजापूरकडचा एक मित्र आहे. त्या भागात सायकल शर्यतींचे वेड मोठे. त्याने माझी सरावाची वही चाळली आणि एवढेच म्हणाला, "सुम्न कुंद्रो!" गप बस की! चार दिवस सायकलला हात लावायचा नाही, पुढचा आठवडा गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने चालवायची, असा त्याचा हुकूम. हलके चालवल्याने पाय आखडत नाहीत. टूर दी फ्रान्समध्ये २१ टप्प्यांना दोनच विश्रांतीचे दिवस असतात, त्या दिवशीही खेळाडू तास-दोन तास सावकाश फिरून येतात.

आता मी आठवड्यात दोनच दिवस जोर काढतो. तीन आठवड्यांनंतर चौथा हलका. घरी आल्यावर तासाभरात केळे, दूध किंवा वरण-भात. रात्री आठ तास झोप. परीक्षेच्या दिवसांत ती जमत नाही, तेव्हा किलोमीटर कमी करतो. नाडी ५५ वर आली आहे आणि ज्या चढाला ११ मिनिटे लागत, तो आता १० मिनिटांच्या आत होतो.

खरे अवघड आहे ते स्वस्थ बसणे. खिडकीखालून दुसऱ्यांच्या सायकली जाताना ऐकू येतात आणि आपण अंथरुणात! बसल्या बसल्या वाटते, सगळे पुढे चालले.

पुढच्या शर्यतीला नाव दिले आहे. शेवटच्या आठवड्यात किलोमीटर निम्मे करीन, मधूनमधून थोडा वेळ जोर लावीन. आदल्या दिवशी सायकल पुसून, चेनला तेल घालून ठेवीन आणि आई वाढील तेवढे जेवीन.