रेंज नसलेल्या कड्यावरचं अ‍ॅप

2000 साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नीडहॅम गावात, एका पिझ्झाच्या दुकानावरच्या जागेत ट्रिपअ‍ॅडव्हायझरचं काम सुरू झालं. स्टीफन कॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मूळ बेत वेगळाच होता. प्रवासाविषयीचा छापील आणि ऑनलाइन मजकूर एका जागी शोधता येईल असं साधन बनवायचं आणि ते इतर कंपन्यांना विकायचं. वाचकाला स्वतःचा अनुभव लिहिता यावा म्हणून एक बटण जोडीला ठेवलं होतं. लोकांनी नेमकं तेच उचलून धरलं. हॉटेलबद्दल तज्ज्ञाचं मत वाचण्यापेक्षा, गेल्याच आठवड्यात तिथे राहून आलेल्या माणसाकडून गरम पाणी येतं का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

तरीही प्रवासाचे अनुभव सांगण्यासाठी मोबाइल अ‍ॅप काढू पाहणारी मंडळी बहुधा म्हणतात, ‘कल्पना पक्की आहे, कोडिंग करणारा मिळाला की झालं.’ हा पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. कल्पना पक्की होते ती वापरणाऱ्याच्या हातात पडल्यावर. म्हणून कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी कागदावर चार स्क्रीन काढून एखाद्या ट्रेकिंग ग्रुपपुढे ठेवाव्यात आणि ते कुठे अडखळतात ते गप्प बसून पाहावं. यात एक संध्याकाळ जाते, पण पुढचे कितीतरी महिने वाचतात.

सोयी जितक्या जास्त तितकं अ‍ॅप चांगलं, हाही असाच गैरसमज. इन्स्टाग्रामचा पूर्वज ‘बर्बन’ नावाचं अ‍ॅप होतं. आपण कुठे आहोत ते कळवा, मित्रांबरोबर बेत आखा, गुण मिळवा, फोटो टाका, असं सगळंच त्यात होतं. केविन सिस्ट्रोम आणि माइक क्रीगर यांनी 2010 मध्ये त्यातलं जवळपास सगळं छाटून फोटो, प्रतिसाद आणि पसंती एवढंच ठेवलं. त्याउलट गूगलसारख्या कंपनीने 2016 मध्ये ‘गूगल ट्रिप्स’ आणलं. त्यात आरक्षणं, दिवसाचा आराखडा, इंटरनेटशिवाय पाहता येणारी माहिती, सगळं होतं. तरीही ऑगस्ट 2019 मध्ये ते बंद झालं. पैसा आणि मनुष्यबळ असूनही प्रवासाचं अ‍ॅप टिकेलच असं नाही, हे नव्याने उतरणाऱ्याने नीट लक्षात घ्यावं.

मग लिहिणार कोण? ‘लोक आपणहून लिहितील’ या भरवशावर बरीच अ‍ॅप रिकामीच राहतात. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2006 मध्ये एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं. ऑनलाइन समूहांत शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ जण अधूनमधून काही लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेल्या एकाकडून येतो. प्रमाण थोडंफार बदलेल, पण कल तोच राहतो. यातून दोन वाटा निघतात. पहिली म्हणजे सगळं जग कवेत घेण्याऐवजी एकच मुलूख निवडायचा, उदाहरणार्थ नाशिक जिल्ह्यातले किल्ले, आणि वाटा, पाणी, मुक्काम, एसटीच्या वेळा यांची माहिती आधी स्वतः हिंडून भरायची. दुसरी वाट पोलारस्टेप्स या डच अ‍ॅपची. त्यात वापरणाऱ्याचा मार्ग आपोआप नोंदला जातो, मागाहून त्याचं छापील पुस्तकही करून घेता येतं. सोबत एकही मित्र नसला तरी ते अ‍ॅप उपयोगी पडतं, हे त्याचं खरं बळ.

रेंज नसेल तर जीपीएस चालत नाही, असं अजूनही अनेकजण मानतात. फोन उपग्रहांकडून फक्त संदेश ऐकतो, त्याला मोबाइलच्या टॉवरची गरज नसते. टॉवर मदत करतो तो पहिलं स्थान पटकन शोधायला. ती मदत नसेल तर उपग्रहाच्या कक्षेची माहिती त्याच्याच संदेशातून घ्यावी लागते. ती दर 30 सेकंदांनी पुन्हा प्रसारित होते, त्यामुळे मोकळ्या आकाशाखालीसुद्धा थोडं थांबावं लागतं आणि दाट झाडीत जास्त. गडाच्या पायथ्याशी ‘स्थान सापडत नाही’ असा लाल फलक दाखवून मोकळं होणारं अ‍ॅप माणसाला उगाच घाबरवतं. ‘उघड्यावर थोडं थांबा’ एवढं सांगितलं तरी काम होतं.

खरी अडचण असते नोंद जपण्याची. पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणारी एखादी मुलगी कोकणकड्यावर पोहोचते, फोटो काढते, चार ओळी लिहिते आणि ‘प्रकाशित करा’ दाबते. रेंज नाही. अ‍ॅप गोल गोल फिरत राहतं आणि शेवटी लिहिलेलं सगळं गिळून टाकतं. असं एकदा झालं की ती पुन्हा लिहीत नाही. म्हणून नोंद आधी फोनमधल्याच डेटाबेसमध्ये पक्की झाली पाहिजे आणि इंटरनेटवर नंतर गेली पाहिजे. परतीच्या एसटीत राजूरजवळ रेंज येते, अर्धा फोटो वर जातो, तेवढ्यात वळणावर पुन्हा जाते. अशा वेळी उरलेला अर्धाच पाठवता यायला हवा. प्रत्येक नोंदीला फोनवरच स्वतंत्र क्रमांक दिला तर तीच नोंद दोनदा पोहोचूनही एकदाच दिसते. अनुभव घेतल्याची वेळ आणि तो पाठवल्याची वेळ वेगवेगळी साठवावी लागते, नाहीतर कड्यावरचा सूर्यास्त रात्री दहाला झाल्यासारखा दिसतो. ही कामं शेवटी ‘ऑफलाइनची सोय’ म्हणून चिकटवता येत नाहीत. ती आराखड्याच्या पायातच घालावी लागतात.

नकाशाही फुकट असतो, असं लोक धरून चालतात. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती खुली आहे, श्रेय देऊन आणि परवान्याच्या अटी पाळून ती कुणालाही वापरता येते. पण त्यांच्या सर्व्हरवरून नकाशाचे तुकडे घाऊक उतरवून घ्यायला मनाई आहे, कारण ते सर्व्हर देणग्यांवर चालतात. ऑफलाइन नकाशा द्यायचा तर ती माहिती घेऊन तुकडे स्वतः बनवावे लागतात, किंवा पैसे मोजून सेवा घ्यावी लागते.

मराठीतून अ‍ॅप करायचं म्हणजे बटणांवरचे शब्द बदलायचे, या समजाने तर मराठी वाचकाची फार गैरसोय केली आहे. ‘हरिहर पायऱ्या’ असं कुणी शोधलं तर ‘पायऱ्या’मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टंकलेला असू शकतो. एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि पाठोपाठ एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. शोध रिकामा येतो आणि हरिहर गडाबद्दल कुणी लिहिलंच नाही, असा समज होतो. शोधण्याआधी दोन्ही रूपं एक करणं, ऱ्हस्व-दीर्घाची चूक माफ करणं आणि रोमन लिपीत टंकलेलं ‘पायऱ्या’ही ओळखणं, हे मराठी अ‍ॅपचं मूलभूत काम आहे.

फोटोबरोबर फक्त चित्र जातं, हाही भ्रमच. बहुतेक फोनच्या फोटोंमध्ये, ती सोय चालू असेल तर, अक्षांश-रेखांश लपलेले असतात. घराच्या अंगणात काढलेला सॅक भरतानाचा फोटो घराचा पत्ता सांगून जातो. सर्व्हरने ही माहिती प्रकाशित करण्याआधी काढून टाकलीच पाहिजे. नाव पुसलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा कंपनीने 2017 च्या अखेरीस जगभरच्या धावपटूंच्या वाटांचा निनावी नकाशा प्रसिद्ध केला आणि जानेवारी 2018 मध्ये लोकांच्या ध्यानात आलं की, ओसाड वाळवंटात उजळलेल्या रेषा लष्करी तळांच्या आहेत.

खासगीपणा जसा माणसाला, तसा तो जागेलाही लागतो. निसर्गातल्या नोंदींच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर संकटग्रस्त प्राण्या-वनस्पतींचं नेमकं ठिकाण आपोआप धूसर केलं जातं. कासच्या पठारावरच्या किंवा एखाद्या घरट्याच्या नोंदीसाठी हाच मार्ग घ्यावा. ठिकाण धूसर असलं तरी अनुभवाची तारीख मात्र ठळक हवी. एप्रिलमध्ये कोरडा असलेला ओढा जुलैत माणूस वाहून नेतो. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे आणि धरणांच्या परिसरात मनाई आदेश काढतं, चार वर्षांपूर्वीच्या सुंदर वर्णनाला त्याची खबर नसते. अशा जुन्या नोंदीच्या माथ्यावर ‘ही वाट उन्हाळ्यातली’ असं अ‍ॅपनेच लिहावं. सह्याद्रीत या एका ओळीने जीव वाचू शकतो.

चांगले तारे म्हणजे चांगली जागा, हा समज 2017 मध्ये लंडनच्या ऊबा बटलर या पत्रकाराने मोडीत काढला. आपल्या बागेतल्या शेडला त्याने खानावळ म्हणून नोंदवलं, खोटी परीक्षणं लिहून घेतली आणि ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर ती शेड लंडनमधली पहिल्या क्रमांकाची खानावळ ठरली. भारतीय मानक ब्युरोने ग्राहकांच्या ऑनलाइन परीक्षणांसाठी 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक काढलं. ते ऐच्छिक असलं तरी परीक्षणं गोळा करताना आणि तपासताना काय पाहावं, याचा चांगला नमुना त्यात मिळतो. तक्रारीचं बटण आणि त्रास देणाऱ्याला रोखण्याची सोय तर अ‍ॅपलच्या नियमांनुसार लागतेच. शिवाय 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी लागते. कॉलेजच्या ट्रेकला जाणारी कितीतरी मुलं यात येतात.

स्टोअरवर अ‍ॅप चढवलं की काम संपलं, असं वाटणाऱ्यांनी खर्चाचा हिशेब पुन्हा मांडावा. गूगल प्लेला 25 डॉलर एकदाच भरावे लागतात, अ‍ॅपलला दरवर्षी 99. गूगलच्या नव्या वैयक्तिक खात्यांना निदान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. स्टोअरला भरायची ही रक्कम किरकोळ आहे. फोटो साठवायला आणि खोटा मजकूर हटवायला दर महिन्याला लागणारा पैसा आणि वेळ मात्र किरकोळ नसतो, आणि लोक जितके वाढतील तितका तोही वाढतो.

अ‍ॅप बंद पडण्याचा विचारही पहिल्याच आराखड्यात हवा. प्रवाशांनी वर्षानुवर्षं लिहून भरलेलं व्हर्च्युअलटुरिस्ट हे संकेतस्थळ 2017 मध्ये बंद झालं. ज्यांनी तिथे लिहिलं, त्यांच्यासाठी ती नुसती माहिती नव्हती, त्यांचे प्रवास होते. म्हणून पहिल्याच आवृत्तीत एक बटण असावं. ते दाबलं की आपले सगळे फोटो मूळ आकारात, वाटा जीपीएक्स फाइलमध्ये आणि लिहिलेलं सगळं तारखांसकट एका झिप फाइलमध्ये फोनवर उतरावं, कुणाचीही परवानगी न मागता.