मार्ग आणि लेबल : एम.पी.एल.एस. जाळ्यातील दोन प्रोटोकॉलांचा मेळ

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ ऑगस्ट २०२३ रोजी सुधारित भारतनेट कार्यक्रमास मान्यता दिली. या कार्यक्रमात तालुक्याचे ठिकाण व ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरच्या वलयाने जोडावयाच्या असून त्यांवरील वाहतूक आय.पी.-एम.पी.एल.एस. पद्धतीने चालावयाची आहे. वलयाचा हेतू उघड आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्ण्यासारख्या वनप्रदेशातील तालुक्यात एके ठिकाणी फायबर तुटली, तरी दुसऱ्या बाजूने संपर्क टिकावा. परंतु फायबर तुटताना जे संकट टळते, तेच ती पुन्हा जोडली जाताना उद्भवू शकते. हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. त्याचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

प्रथम लेबलाचे स्वरूप पाहू. लेबल म्हणजे पॅकेटाच्या अग्रभागी जोडलेला २० बिटांचा अंक. त्यास स्वतःचा असा अर्थ नाही. सोस्यूरची व्याख्याने १९१६ साली प्रसिद्ध झाल्यापासून चिन्हाची यादृच्छिकता भाषाभ्यासकांस परिचित आहे. लेबल हे तिचे अगदी निर्भेळ उदाहरण म्हणता येईल. मात्र दोन भेद ध्यानी घ्यावयास हवेत. भाषेतील संकेत सर्व समाजाचा असतो, तर लेबलाचा संकेत दोन शेजारी राउटरांपुरताच असतो. शिवाय तो बोलणारा ठरवीत नाही, ऐकणारा ठरवितो. ज्या राउटराकडे पॅकेट जावयाचे, तोच शेजाऱ्यास आधी कळवितो की, 'अमुक स्थळासाठीचे पॅकेट माझ्याकडे पाठविताना त्यास २४ म्हण.' पुढच्या टप्प्यावर त्याच स्थळाचे नाव निराळे असते.

या व्यवहारात दोन प्रोटोकॉल गुंतलेले असतात. ओ.एस.पी.एफ. हा मार्गनिश्चितीचा प्रोटोकॉल जोडण्यांची माहिती सर्वत्र पसरवितो आणि प्रत्येक राउटर तीवरून कमीत कमी खर्चाचा मार्ग काढतो. एल.डी.पी. हा लेबलवाटपाचा प्रोटोकॉल होय. तो 'हॅलो' संदेशांनी शेजारी शोधतो, टी.सी.पी. जोडणीवर त्यांच्याशी सत्र उभारतो आणि मग लेबले कळवितो. एल.डी.पी. स्वतः मार्ग निवडीत नाही, ओ.एस.पी.एफ.ने निवडलेल्या शेजाऱ्याचे लेबल तेवढे तो वापरात आणतो. थोडक्यात, वाट एकाने सांगावयाची व नाव दुसऱ्याने द्यावयाचे.

आता समजा, पोंभुर्णा (प) आणि चार ग्रामपंचायती क, ख, ग, घ याच क्रमाने एका वलयावर आहेत व प्रत्येक जोडणीचा खर्च सारखा आहे. 'ख'हून 'प'कडे जाण्यास 'क'वरून दोन टप्पे, तर 'ग' व 'घ'वरून तीन टप्पे पडतात. 'प'साठी 'क'ने २४ व 'ग'ने ४० हे लेबल 'ख'ला कळविले आहे. वापरात २४ आहे. परंतु ४० हेही 'ख'ने जपून ठेवले आहे. क-ख जोडणी तुटताच ओ.एस.पी.एफ. 'ग'कडे वळते, लेबल हाताशी असतेच, आणि वाहतूक अल्पावकाशात पूर्ववत होते.

खरी अडचण दुरुस्तीनंतर येते. जोडणी परत येताच ओ.एस.पी.एफ. तिचा स्वीकार करते व 'ख' पुन्हा 'क'कडे वळतो. एल.डी.पी.चे सत्र मात्र अद्याप उभे राहिलेले नसते. म्हणजे वाट आहे, पण नाव नाही. साधी आय.पी. पॅकेटे लेबलावाचूनही पुढे जातात. खाजगी जाळ्याच्या पॅकेटांवर मात्र दोन लेबले असतात. बाहेरचे लेबल 'प'पर्यंत नेणारे, तर आतले केवळ 'प'लाच कळणारे. बाहेरचे लेबल नसेल, तर आतल्याचा अर्थ 'क'ला लागू शकत नाही. म्हणून अशी पॅकेटे टाकून दिली जातात. सत्र काही कारणाने उभेच न राहिले, तर हा प्रकार लांबतो. यंत्रावरील दिवे हिरवे असतात, फायबर शाबूत असते, मार्गाच्या कोष्टकात दोष दिसत नाही. तरीही ग्रामपंचायतीचे काम अडते. तपासणारा फायबरमध्ये दोष शोधीत राहतो आणि दोष असतो दोन प्रोटोकॉलांच्या तालात.

यावरील उपाय इंटरनेट इंजिनीअरिंग टास्क फोर्सने मार्च २००९ मध्ये आर.एफ.सी. ५४४३ या लेखाद्वारे प्रसिद्ध केला. एल.डी.पी. सज्ज होईपर्यंत ओ.एस.पी.एफ.ने त्या जोडणीचा खर्च कमाल, म्हणजे ६५५३५, जाहीर करावयाचा. परिणामी वाहतूक लांबच्या पण लेबलयुक्त मार्गावरच राहते. जोडणी नाकारलेली नसते, महाग केलेली असते. त्यामुळे दुसरा मार्गच नसेल, तर तीच वापरली जाते. २०१८ नंतर प्रमाणित झालेल्या सेगमेंट राउटिंग पद्धतीत तर लेबलांची माहिती मार्गनिश्चितीचा प्रोटोकॉलच वाहून नेतो. तेथे हे अंतर मुळातच उरत नाही.

तात्पर्य, वलय बांधल्याने केवळ पर्यायी वाट मिळते. त्या वाटेवर परस्परांस समजेल असे नाव ठरल्याखेरीज तिच्यावर वाहतूक न सोडणे, ही शिस्त स्वतंत्रपणे लावून द्यावी लागते. संकेत आधी व संभाषण नंतर, हा भाषेचा नियम यंत्रांनाही चुकलेला नाही.