जुन्या ॲम्प्लिफायरचा नवा खर्च

शाहू महाराजांनी उभारायला घेतलेल्या राधानगरीच्या धरणावर आज वीज होते. त्या विजेवर आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर लावला, तर सूर उमटण्याआधीच ईएल-३४ जातीचा एकेक व्हॉल्व्ह नुसता तापायला सुमारे ९.५ वॅट घेतो! पण वीजबिल किरकोळ. खरी चाट बसते ती व्हॉल्व्ह बदलताना.

आतल्या कॅथोडवरचा लेप हळूहळू झिजतो. मोठा व्हॉल्व्ह २,००० तास चालला असे धरले, तर रोज दोन तास ऐकणाऱ्याची पावणेतीन वर्षांची बेगमी झाली. छोटा ईसीसी-८३ पुष्कळ अधिक टिकतो. तेव्हा दुकानदार सगळेच बदला म्हणाला, तर जरा थांबावे. मोठे मात्र जुळणाऱ्या जोडीनेच घ्यावेत.

एके काळी बेंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवी. पुढे ट्रान्झिस्टरने त्यांची सद्दी संपवली. आता ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया नि चीनमधून येतात. म्हणजे भाडे नि जकात आलीच.

म्हणून पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरास खेप घालण्यापूर्वी, यंत्र बंद करून, निवल्यावर, डाव्या-उजव्या बाजूचे छोटे व्हॉल्व्ह आपसांत बदलून पाहावेत. खरखर बाजू बदलते का? मग तोच व्हॉल्व्ह आणा. नाही बदलली, तर दोष दुसरीकडे आहे.