वाक्य त्याचं त्यालाच पुरं करू द्या

२२ ऑक्टोबरच्या जागतिक तोतरेपणा जागृती दिनानिमित्त हृतिक रोशन, जो बायडेन यांच्या जिद्दीच्या कहाण्या यंदाही फिरल्या. जिद्द मोठीच, पण सगळा भार बोलणाऱ्यावर का? ऐकणाऱ्यांनी काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

ऐकणारा काय करून ठेवू शकतो, ते १९३९ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दिसलं. वेंडेल जॉन्सन हे संशोधक स्वतः तोतरे. मुलाच्या अडखळण्यावर आईवडील बोट ठेवतात म्हणून तोतरेपणा येतो, असं त्यांचं मत होतं. त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर हिने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना ‘तुम्ही तोतरे होत चाललाय’ असं वारंवार बजावलं. मुलं तोतरी झाली नाहीत, पण बोलायला घाबरू लागली. काहींनी बोलणंच कमी केलं. २००१ मध्ये आयोवा विद्यापीठाने जाहीर माफी मागितली.

जॉन्सन यांचं मत टिकलं नाही. तोतरेपणा पुष्कळदा घराण्यात असतो. २०१० पासून त्याच्याशी निगडित जनुकंही सापडू लागली. बोलण्याची वेळ साधणारी मेंदूतली यंत्रणा तोतरेपणात वेगळी चालते. म्हणूनच एकटं वाचताना अडणारी मुलगी सर्वांबरोबर कविता घडाघडा म्हणते. दोष आईवडिलांचा नाही, भित्रेपणाचाही नाही. जिभेला वेखंड लावून तर काहीच साधत नाही.

पण टोकण्याने मूल गप्प होतं, हे आजही खरं आहे. मोठेपणीही अडणारा शब्द टाळला जातो: हवी असते मिसळ, पण ‘मि’ अडतो म्हणून माणूस वडा मागवतो. स्वतःच्या नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो. म्हणून हजेरी, फोन आणि मुलाखत छळतात.

लहानपणी साधारण शंभरातली पाच मुलं अडखळतात. बहुतेकांचं आपोआप थांबतं. सहा महिने उलटले, घरात कुणी तोतरं असेल किंवा मूल बोलताना झगडत असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञ गाठावा. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही सोय आहे.

बाकीचं काम आपलं. ‘सावकाश बोल’ म्हणू नका, शब्द पुरवू नका, नजर वळवू नका. शाळांनी तोंडी परीक्षेत जादा वेळ द्यावा, मुलाखत घेणाऱ्यांनी उत्तर जोखावं, वेग नव्हे. ही मेहेरबानी नाही; समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेणं एवढीच ही साधी माणुसकी आहे.