लहान जनावरांचा मूत्ररोध व मूत्रपिंडाची वाढ

गोऱ्हा किंवा बोकडाचें करडूं पाय ताणून, शेपटी हलवीत वारंवार कुंथूं लागलें म्हणजे मलावरोध झाला असें समजून आपण तेल पाजतों. ही समजूत पुष्कळदां घातक ठरते. अशा वेळीं शेण नव्हे, मूत्र अडलें असण्याचा संभव प्रथम पाहावा. पोटाखालील केंस कोरडे आहेत काय, त्यांस वाळूसारखे कण चिकटले आहेत काय, मूत्र थेंबथेंब येतें काय, हें पाहण्यास क्षणभर पुरे.

चिखलदऱ्याच्या पठारावर गवळी लोकांचीं गुरें मुख्यतः चराईवर वाढतात. खालीं अचलपूर-अमरावतीकडील कापसाच्या मुलुखांत मात्र सरकी, ढेप व कोंडा हाताशीं असल्यानें ते सढळपणें घातले जातात. या खुराकांत स्फुरद फार व चुना थोडा. जास्तीचें स्फुरद मूत्रावाटे जातांना त्याचे खडे बनतात. सुमारें १,१०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्यास थंडीच्या दिवसांत जनावर गार पाणी कमी पितें व मूत्र दाट होतें, तेव्हां डोंगरावरही निर्धास्त राहूं नये. मादीचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्यानें खडा निसटून जातो. नराचा लांब व अरुंद. गोऱ्ह्यांत त्याला नागमोडी वळण असतें, बोकडांत टोंकाशीं दोऱ्यासारखा अवयव असतो, आणि खडा नेमका तेथेंच अडकतो. फार कोवळ्या वयांत खच्ची केल्यास हा मार्ग अधिकच अरुंद राहतो.

आतां मूत्रपिंडाचें काय होतें तें पाहूं. तें म्हणजे असंख्य सूक्ष्म गाळण्यांचा समूह होय. खालची वाट बंद झाली कीं मूत्राशय फुगतो, मग मूत्रवाहिन्या, व अखेर दाब मूत्रपिंडाच्या पोकळींत चढतो. रक्ताचा प्रवाह मंदावतो, गाळण्या मरतात व त्यांच्या जागीं निबर तंतू भरतात. असें मूत्रपिंड बाहेरून मोठें दिसतें, परंतु कापल्यास पाण्याची पिशवी व पातळ साल एवढेंच हातीं लागतें. शेळी-मेंढीच्या पिलांत गाळण्या जन्मापूर्वींच बनून संपतात. पुढें आहेत त्याच वाढतात, नवी एकही उगवत नाहीं. मेंढीच्या गर्भांवरील १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, गर्भावस्थेच्या पूर्वार्धांत मूत्रवाहिनी बांधल्यास मूत्रपिंडाची घडणच बिघडते. उत्तरार्धांत बांधल्यास बनलेलें मूत्रपिंड फुगतें. एकाच बाजूची वाहिनी अडली तर दुसरें मूत्रपिंड मोठें होऊन काम सांभाळतें, व धन्यास कांहीं कळतही नाहीं.

मूत्रमार्गच अडला म्हणजे दोन्हीं मूत्रपिंडें एकदम धोक्यांत येतात. मूत्राशय फुटला तर कुंथणें एकाएकीं थांबतें, आणि "उतार पडला" असें आपण म्हणतों. पुढें पोट खालून पाण्यानें फुगतें व जनावर दगावतें. म्हणून तेल, जुलाब किंवा मूत्र वाढविणारीं औषधें देत न बसतां त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलवावें. बोकडांत टोंकाचा अवयव छाटून कधीं कधीं तत्काळ मूत्र सुटतें. इतरांत शस्त्रक्रिया लागते.

सरकी-कोंडा बेतानें, हिरवा चारा व मीठ नित्य, आणि पाणी स्वच्छ व थंडींत कोंबट ठेवावें. खच्ची करणें निदान तिसरा-चौथा महिना उलटेपर्यंत लांबवावें. एकदां मूत्र सुटलेल्या जनावरांत खडा पुन्हां अडकतो, यास्तव पुढील कांहीं दिवस तें कोरड्या जागीं वेगळें बांधून जमीन ओली होते कीं नाहीं हें रोज पाहावें.