बुत्ती बांधली का?

पीयूसीच्या दुसऱ्या वर्षी आमचा मुलगा गणितात नापास झाला. निकालानंतर चार दिवस तो कॉम्प्युटरसमोरून उठेना. शेवटी मी चिडून विचारले, "काय करालाईस रे?" तो मान न वळवता म्हणाला, "मरालोय, बाबा." माझ्या काळजात धस्स झाले. धावत जाऊन पाहिले, तर पडद्यावर नुसते ठिपके, रेघा आणि अक्षरे! ई-मेलच्या पत्त्यातले ॲटचे चिन्ह म्हणजे तो स्वतः आणि शेजारचे डी अक्षर म्हणजे त्याचा कुत्रा.

खेळाचे नाव नेटहॅक. १९८० च्या सुमारास अमेरिकेत मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ तयार केला. त्याच घराण्यातला हा खेळ १९८७ साली आला. तो फुकट मिळतो. यात भुयारात उतरायचे असते आणि प्रत्येक डावाला भुयार नवे असते. मेलात की संपले, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

त्या रात्री मी त्याच्या शेजारी बसलो. मोकळ्या खोलीत चार शत्रूंनी घेरले, तेव्हा तो मागे सरून अरुंद बोळात शिरला. "इथं एका वेळी एकच समोर येतो," तो म्हणाला. वाटेत एक चिलखत पडले होते. मी म्हटले, "घाल की!" तो थांबला. शापित चिलखत एकदा अंगात घातले की सहजी निघत नाही. त्याने आधी कुत्र्याला त्यावरून जाऊ दिले. शापित वस्तूवर कुत्रा सहसा पाय ठेवत नाही. पुढे दुकानात अनोळखी औषधाचा भाव विचारून ते काय असेल याचा अंदाज बांधला. निपाणीच्या बाजारात आपण दुसरे काय करतो?

थैली जड झाली की चाल मंदावते. म्हणून दोन तलवारी टाकल्या, पण खाण्याचे जिन्नस ठेवले. माझ्या सासूबाई चिक्कोडीकडच्या. हे ऐकून त्या हसल्या, "बुत्ती मोदलु!" आधी शिदोरी.

मी हळूच विचारले, "गणिताच्या पेपरात काय झालं?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पहिल्याच अवघड गणितात अडकलो, बाबा. मागे फिरलोच नाही."

चार दिवस मी ओरडत होतो, पण हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

फेरपरीक्षेला जाताना त्याने दप्तरातली तीन गाईडे काढून ठेवली. आपल्या हाताने लिहिलेली एकच वही घेतली. सासूबाईंनी भाकरी-चटणीची बुत्ती हातात दिली. बेळगावची बस सुटेपर्यंत मी स्टँडवर उभा होतो. निकाल अजून लागायचा आहे. सध्या रात्री आम्ही दोघे मिळून भुयारात उतरतो. काल मी चौथ्या मजल्यावर मेलो. कुत्रा बिचकला होता, तरी चिलखत घातले!